तयार कॉइल सोडून आरटीएवर जावं का?

मंद_आच

माझ्या ई-सिगारेटचा सध्याचा सेटअप आधी सांगतो. २२ मिमीचा एमटीएल टँक (सिगारेटसारखा आधी तोंडात, मग छातीत घ्यायचा झुरका), १.० ओमचं तयार हेड (तार आणि कापूस आत बंद असलेली, बदलायची कॉइल), १२ वॅट. लिक्विड ५०/५० (पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन, निम्मं-निम्मं), निकोटिन मिलीला १२ मिलिग्रॅम. मॉड (बॅटरीचा भाग) रेग्युलेटेड, म्हणजे वॅट सांभाळणारं सर्किट असलेला, आत एक १८६५० सेल, वर टँक लावायचं साधं ५१० कनेक्शन. झुरका हवा तसा घट्ट मिळतो. मोठे ढग काढायची हौस नाही.

अडचण हेडची आहे. गोड फळांचं किंवा कस्टर्डचं लिक्विड भरलं की हेड आठवडाही धड काढत नाही. आधी चव बोथट होते, मग करपट लागायला लागतं. बिनगोड तंबाखूच्या चवीवर तेच हेड कितीतरी जास्त टिकतं. शिवाय एका पाकिटातली सगळी हेडं सारखी निघत नाहीत. एखादं पहिल्यापासून गुळगुळतं, एखादं पहिल्यापासून कोरडं ओढतं.

सिंगल कॉइलचा एमटीएल आरटीए (तार आणि कापूस आपण घालायचा टँक) घ्यावा असं मनात आहे. आताचाच झुरका आणि आताचीच वॅटेज ठेवून काम होईल का? तार कोणती, किती वेढे? आणि आठवड्याला खरंच किती वेळ द्यावा लागतो, हे जे रोज वापरतात त्यांनी सांगावं.

कापूसवेचा

तुमच्या वापराला आरटीए घेण्यात अर्थ आहे. फक्त कशासाठी घेताय ते आधी पक्कं करा. बरेचजण "चव दुप्पट होईल" म्हणून घेतात आणि दोन महिन्यांत तो खणात जाऊन पडतो.

हेड खराब होतं तेव्हा तारेला सहसा काही झालेलं नसतं. लिक्विड गोड करायला सुक्रालोज घालतात. पीजी आणि व्हीजीची वाफ होते, पण सुक्रालोज बहुतांशी तारेवरच साचतं, करपतं आणि त्याचा काळा चिवट थर होतो. त्या थराखाली तार जास्त तापते, तिला टेकलेला कापूस तपकिरी होतो आणि करपट चव तिथून येते. हेड बंद असल्यामुळे चिमूटभर कापूस करपला तरी तार, नळकांडं, रबरी इन्सुलेटर सगळं फेकावं लागतं. आरटीएमध्ये तेवढा कापूस बदलता येतो, तार जाळून साफ करता येते. मूळ फरक एवढाच. बाकीचे फायदे खरे आहेत, पण दुय्यम.

म्हणून निर्णय एकाच गोष्टीवर घ्या: दर तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं कापसाला देणार का? गोड लिक्विड आरटीएमध्येही तार तितक्याच वेगानं काळी करतं, त्यात काही जादू नाही. फक्त ती काळी झाली की तुमच्या हातात उपाय असतो. हा वेळ द्यायची तयारी नसेल तर आरटीए तयार हेडपेक्षाही वाईट चव देईल, कारण तिसऱ्या आठवड्यातही तोच कापूस आत असेल.

झुरक्याचं म्हणाल तर काळजी नको. एमटीएल आरटीएमध्ये हवेची छिद्रं साधारण ०.८ ते १.५ मिमीची असतात, बऱ्याच मॉडेलांत ती फिरवून किंवा पिन बदलून ठरवता येतात. निकोटिनही १२ मिलिग्रॅमच ठेवा. वॅट आणि ओम तेच राहिले तर वाफेचं प्रमाणही जवळपास तेच राहतं. मात्र कुणाच्या सांगण्यावरून ०.३ ओम आणि ५० वॅटच्या मोकळ्या झुरक्यावर गेलात तर १२ मिलिग्रॅम चालणार नाही. एका झुरक्यात कितीतरी जास्त लिक्विड जळतं, तिथे लोक ३ मिलिग्रॅमवर असतात. त्याच लिक्विडनं ओढलंत तर डोकं गरगरेल, मळमळेल.

आता कापूस. सगळी कला इथे आहे, तारेत नाही.

कापसाच्या चौकोनी पॅडची वरची आणि खालची दाबलेली साल सोलून टाका, ती लिक्विड नीट शोषत नाही. आतल्या भागाची पट्टी तंतूंच्या दिशेनं कापा, आडवी नको. एक टोक पिळून बारीक करा, कॉइलमधून ओवा आणि हळू ओढा. कापूस कॉइलच्या आतल्या भिंतींना सगळीकडून टेकला पाहिजे आणि ओढताना बोटाला किंचित अडल्यासारखं जाणवलं पाहिजे. कॉइल जागची हलायला लागली तर कापूस जास्त झाला. सळसळ निघून गेला तर कमी झाला, आणि कमी कापूस जास्त धोक्याचा, कारण तार आणि कापूस यांत पोकळी राहते आणि तेवढीच तार कोरडी तापते. पिळलेलं टोक कापून टाका.

दोन्ही शेपट्या (कॉइलबाहेरची कापसाची टोकं) डेकच्या, म्हणजे कॉइल बसते त्या तबकडीच्या, बाहेरच्या कडेला येतील एवढ्या ठेवून कापा. मग सुईनं किंवा चिमट्याच्या टोकानं शेपट्या विंचरा. साधारण तिसरा हिस्सा कापूस झडून निघाला पाहिजे, तोही टोकांकडून. कॉइलच्या आतला भाग भरगच्च आणि खाचेतला भाग विरळ, हे प्रमाण जमलं की आरटीए जमला. शेपटी ज्यूसच्या खाचेत (टँकमधलं लिक्विड आत येतं त्या) नुसती ठेवायची, कोंबायची नाही. खाचेचं तोंड पूर्ण झाकलं जावं, पण कापूस तळाशी दाबलेला नसावा. मग चिमट्यानं कापसावर लिक्विडचे थेंब सोडा, तो पारदर्शक दिसेपर्यंत. पांढरा ठिपका कुठेही उरता कामा नये. त्यानंतरच चेंबर (कॉइलवरचं झाकण) आणि टँक लावा.

सव्वीस_गेज

कापसाबद्दल वरच्याशी पूर्ण सहमत. तारेचं मी सांगतो.

तुमच्या १.० ओमला सगळ्यात सोपी तार म्हणजे २८ गेजची कॅन्थल ए१. जाडी ०.३२ मिमी, मीटरला साधारण १७.९ ओम. २.५ मिमीच्या दांड्यावर गुंडाळली तर एका वेढ्याला सुमारे ८.९ मिमी तार लागते, म्हणजे एका वेढ्यामागे ०.१६ ओम. ५ वेढे आणि दोन्ही पायांची (कॉइलच्या सुट्या टोकांची) मिळून ११ मिमी तार धरली तर १.० ओमच्या जवळ बसतं. ६ वेढ्यांना १.१५, ७ वेढ्यांना १.३.

तरीही ५ वेढ्यांवर थांबू नका असं सांगेन. ५ वेढ्यांच्या तारेचा पृष्ठभाग ४५ चौरस मिमीच्या आसपास भरतो, ७ वेढ्यांचा ६२ च्या पुढे जातो. तेच १२ वॅट जास्त पृष्ठभागावर पसरले की तार कमी तापते आणि वाफ थोडी थंड, पण भरीव मिळते. गोड लिक्विडला हे जास्त मानवतं. रेग्युलेटेड मॉडला १.० आणि १.३ ओममध्ये काही फरक पडत नाही, तो व्होल्टेज स्वतः वाढवून घेतो. १.० ओमवर १२ वॅटला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, १.३ वर साधारण ४.

दुसरा मार्ग नायक्रोम ८० चा. त्याची २८ गेजची तार मीटरला साधारण १३.५ ओम, म्हणून ७ वेढे घालूनही १.० ओमच होतात. जास्त वेढे आणि तोच ओम, दोन्ही एकदम मिळतं. पण नायक्रोममध्ये सुमारे ८० टक्के निकेल असतं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे (कृत्रिम दागिन्यांनी त्वचेवर पुरळ येणारे बरेचजण यात मोडतात) त्यांनी कॅन्थलच घ्यावी. तिच्यात लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम असतं, निकेल नसतं. एसएस ३१६ एल (स्टेनलेस स्टील) तारेमध्येही थोडं निकेल असतंच.

सुरुवातीला क्लॅप्टनच्या फंदात पडू नका. वर पातळ तार गुंडाळलेल्या त्या कॉइल तापायला वेळ घेतात आणि १२ वॅटवर नुसत्या कोमट होतात.

बसवताना दांडा कॉइलच्या आतच राहू द्या. दोन्ही पाय स्क्रूखाली अशा बाजूनं घाला, की स्क्रू आवळताना तो तार आत ओढेल, बाहेर ढकलणार नाही. आवळणं म्हणजे तार हलू नये इतपत. त्याहून जास्त जोर लावलात तर २८ गेजची तार स्क्रूखालीच चिरडून तुटते आणि बहुतेकदा पहिल्याच तापवण्यात ते कळतं. जादा पाय पोस्टच्या (तार धरणाऱ्या खांबाच्या) अगदी अंगालगत कापा. साध्या कात्रीनं होत नाही, सपाट तोंडाची कटरच लागते.

कॉइलचा तळ हवेच्या छिद्राच्या वर १ ते २ मिमी ठेवा, अगदी मधोमध. खाली टेकवलीत तर झुरका कोंडल्यासारखा लागतो. फार वर ठेवलीत तर हवा कॉइलला चुकवून जाते आणि चव फिकी पडते.

कापूस घालण्याआधी १० वॅटवर दीड-दोन सेकंदांचे छोटे झटके द्या. कॉइल मधून लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही टोकांकडे सारखी सरकली पाहिजे. एखादा वेढा बाकीच्यांच्या आधी चमकला तर तो हॉटस्पॉट. बटण सोडून सिरॅमिक चिमट्यानं कॉइलवर वरून आडवी हलकी रेघ ओढा, वेढे हलके दाबा, पुन्हा झटका द्या. तीन-चार वेळा केलं की तारेवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि चिकटलेल्या वेढ्यांमधली विजेची गळती थांबते. पाय आधी चमकत असेल तर तो पाय लांब राहिलाय किंवा स्क्रू ढिला आहे. लाली मंद ठेवा, पांढरी होईपर्यंत तापवण्याची कधीच गरज पडत नाही.

हत्यारं मोजकीच लागतात: २, २.५ आणि ३ मिमीचे दांडे, सपाट कटर, सिरॅमिक चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, टोकदार छोटी कात्री. १० मीटरच्या रिळात, धरायला सोडलेली तार जमेस धरूनही, ८०-१०० कॉइल होतात.

आडवी_वात

सगळे होकारच देताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मूळ प्रश्नातल्या अर्ध्या तक्रारी तयार हेडवरही सुटण्यासारख्या आहेत. नवीन हेडच्या बाजूच्या छिद्रांवर दोन-दोन थेंब, आतल्या कापसावर तीन-चार थेंब टाका, टँक भरा आणि निदान दहा मिनिटं तसाच उभा ठेवा. मग १२ वॅटवर उडी न मारता ८ पासून सुरू करून चढत जा. पहिल्या झुरक्यालाच कापसाचा मधला भाग कोरडा असेल तर तो तिथेच भाजतो, आणि ती चव हेड संपेपर्यंत जात नाही. "काही हेडं पहिल्यापासून कोरडी ओढतात" याचं कारण खूपदा हेच असतं. दुसरं, सलग पाच-सहा झुरके न घेता मध्ये वीसेक सेकंद जाऊ द्या, कापसाला भरायला वेळ मिळतो. तिसरं, हेडची छिद्रं लहान असतील तर ७०/३० सारखं (व्हीजी जास्त असलेलं) दाट लिक्विड त्यात घालूच नका.

गुळगुळणाऱ्या हेडांबद्दल मात्र वाद नाही. कारखान्यात कापूस कमी-जास्त भरला गेला तर घरी त्यावर इलाज नसतो.

आरटीए कुणी घेऊ नये हेही कुणीतरी सांगायला हवं. बारीक काम जवळून करताना डोळ्यांना त्रास होत असेल किंवा हात थरथरत असेल तर १.५ मिमीचे स्क्रू रोजची डोकेदुखी होतात. दिवसभर बाहेर फिरायचं असेल तर हेड बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. आरटीएचा कापूस बसमध्ये बसून बदलता येत नाही. घरी आरटीए आणि बाहेर जुना टँक ही जोडी मात्र उत्तम चालते.

तार गुंडाळायचाच कंटाळा असेल तर तयार गुंडाळलेल्या सुट्या कॉइल मिळतात. त्या पोस्टमध्ये बसवायच्या आणि कापूस आपला घालायचा. वर कापूसवेचा म्हणताहेत तसं खरं काम कापसाचंच असेल, तर तार कुणी गुंडाळली यानं काय फरक पडतो? नवख्यानं सुरुवात इथूनच करावी. पाकिटावर तारेचा प्रकार, गेज, आतला व्यास आणि ओम लिहिलेला आहे ना, तेवढं बघा. नुसतं "एमटीएल कॉइल" लिहिलेली पाकिटं घेऊ नका. एमटीएलसाठी २.५ मिमी व्यास आणि ०.८ ते १.२ ओम हा पल्ला धरा.

तारयंत्र

चवीच्या गप्पांत विजेचा मुद्दा मागे पडतोय. तयार हेडचा ओम कारखान्यानं ठरवलेला असतो. आरटीएमध्ये तो तुम्ही ठरवता, म्हणजे त्याची जबाबदारीही तुमची.

तुमच्या सेटअपवर ताण फारसा नाही. रेग्युलेटेड मॉडमध्ये सेलवरचा करंट कॉइलच्या ओमवर नाही, वॅटवर अवलंबून असतो. वॅट भागिले सेलचं व्होल्टेज, आणि मॉडमध्ये साधारण दहा टक्के वाया जातात असं धरा. सेल ३.३ व्होल्टपर्यंत उतरला असताना १२ वॅटला साधारण ४ अँपिअर लागतात. ४० वॅटला मात्र साडेतेरा अँपिअरच्या आसपास. म्हणून सेल सलग २० अँपिअरचा घ्या. त्याच्या वेष्टनावर मोठा "कमाल" आकडा छापलेला असतो, तो काही सेकंदांपुरताच असू शकतो. सलग किती अँपिअर, तेच बघायचं.

मेकॅनिकल मॉडवर गणित उलटं होतं, तिथे मधे कुठलंच सर्किट नसतं. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. ०.५ ओमची कॉइल ८.४ अँपिअर ओढते, ०.२ ओमची २१. म्हणजे २० अँपिअरचा सेल ०.२ ओमवरच मर्यादेबाहेर गेला, आणि कॉइल शॉर्ट झाली तर थांबवणारं कुणी नाही. ओमचा नियम कागदावर मांडता येत नसेल तर मेकॅनिकलला हात लावू नये, हे मी कळकळीनं सांगतो.

हायब्रिड टोपी असलेल्या मॉडचा आणखी एक धोका आहे. त्यात ॲटोमायझरची मधली पिन थेट सेलच्या धन टोकाला टेकते. पिन कडेच्या आट्यांच्या पुढे स्पष्ट आलेली नसेल तर आटेच सेलला टेकतात आणि सेल सरळ शॉर्ट होतो. बऱ्याच आरटीएंची पिन सपाट असते. तसा आरटीए हायब्रिडवर लावायचाच नाही.

नवीन कॉइल बसवली की पहिल्या झटक्याआधी ओम वाचा, मॉडवर किंवा वेगळ्या ओममीटरवर. गणितानं १.१५ यायला हवा आणि ०.४ दिसला तर तापवून बघायचं नाही, उघडायचं. सेलचं वेष्टन फाटलं असेल, अगदी टोकाशी नखाएवढंही, तर नवं वेष्टन चढवल्याशिवाय वापरू नका. वेष्टनाखालचं अख्खं धातूचं अंग ऋण असतं. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलेला सेल शॉर्ट होतो आणि पेट घेऊ शकतो.

निकोटिनचं लिक्विड आता तुम्ही जास्त हाताळणार. बोटांवर सांडलं तर लगेच धुवा, टेबल पुसा, कापलेले ओले कापसाचे तुकडे झाकणाच्या डब्यात टाका. लहान मूल किंवा पाळीव प्राणी घरात असेल तर हा नियम कधीच मोडू नका.

मंद_आच

सगळ्यांचे आभार. सिंगल कॉइलचा एमटीएल आरटीए घेतला, २८ गेज कॅन्थल, २.५ मिमी, ६ वेढे. तीन गोष्टी अडल्यात.

१) ओम १.१४ येतो, पण मध्येच १.३० दिसतो आणि पुन्हा खाली येतो.
२) तासाभरात हवेच्या छिद्रातून लिक्विड झिरपतं.
३) गळती होत असतानाच चौथ्या-पाचव्या झुरक्याला कोरडं लागतं. गळतंही आणि कोरडंही, हे दोन्ही एकाच वेळी कसं?

सव्वीस_गेज

पहिल्याचं उत्तर देतो. कॅन्थलचा ओम तापल्यावर जेमतेम हलतो, ०.०२-०.०३ इकडेतिकडे चालतं. ०.१६ ची उडी म्हणजे कुठेतरी सांधा ढिला. क्रमानं तपासा: आधी ५१० चा धातू लिक्विडनं माखलाय का, कोरड्या कापडानं पुसा. मग डेकची मधली पिन, ती खालून स्क्रूनं आवळलेली असते आणि धुताना सैल पडते. मग दोन्ही पोस्टचे स्क्रू. पहिल्या तापवण्यात तार किंचित आकसते-पसरते, म्हणून झटके देऊन झाल्यावर स्क्रू पुन्हा पाव फेरा आवळायचे असतात. बहुतेक ते राहिलंय.

एक चाचणी कायम लक्षात ठेवा. चेंबर काढून ओम वाचा, मग चेंबर लावून वाचा. चेंबर लावल्यावर आकडा घसरला तर कापलेल्या पायाचं टोक चेंबरच्या भिंतीला टेकतंय. तुमचा आकडा वर उडतोय, म्हणजे तो शॉर्ट नाही, सैल सांधाच आहे.

कापूसवेचा

दोन आणि तीन ही एकच तक्रार आहे. गळणं आणि कोरडं पडणं एकाच वेळी दिसलं की दोन खाचांमधला कापूस सारखा नाही असं समजा. एका बाजूची शेपटी दुमडून कोंबली गेलीय, तिथून लिक्विड चढत नाही, कॉइलचा तो अर्धा भाग उपाशी. दुसऱ्या बाजूची आखूड किंवा फार विरळ आहे, खाचेचा कोपरा उघडा राहिलाय, तिथून लिक्विड आत उतरून हवेच्या वाटेनं बाहेर येतं. नवख्या हातांत हा प्रकार फार दिसतो, कारण उजव्या हातानं घातलेली शेपटी आणि डाव्या हातानं घातलेली शेपटी सारखी बसत नाही.

टँक रिकामा करून उघडा आणि कापूस बाहेर काढण्याआधी नीट बघा. ज्या बाजूला कापूस जास्त तपकिरी आहे ती कोंबलेली बाजू. खाचेत पिनचं टोक फिरवा. ज्या कोपऱ्यात ते कापसाला न लागता खाली जातं तिथून गळतंय. नवीन कापूस घालताना दोन्ही शेपट्या एकाच वेळी कापा, विंचरून डेकवर आडव्या पसरून त्यांची जाडी शेजारी-शेजारी ताडून बघा, मगच खाचेत सोडा.

कापूस बरोबर बसूनही गळत असेल तर भरण्याची पद्धत तपासा. आधी ज्यूसच्या खाचा बंद करा, आरटीएत तशी सोय नसेल तर निदान हवेचं छिद्र बंद करा. मग वरचं झाकण उघडा, भरा, वर थोडी हवेची जागा सोडा, झाकण घट्ट लावा, आणि मगच खाचा उघडा. लिक्विड वर धरून ठेवते ती टँकमधली किंचित कमी दाबाची हवा. खाचा उघड्या ठेवून झाकण आवळलंत तर झाकण हवा खाली दाबतं आणि लिक्विड सरळ कॉइलवर येतं. फक्त भरल्यानंतरच्या दहा मिनिटांत गळत असेल तर कारण हे. पुढे दिवसभर थेंब थेंब येत असेल तर कापूस किंवा ओ-रिंग. ओ-रिंगला चीर असेल तर बदला, कोरडी असेल तर बोटानं व्हीजीचा थेंब चोळा.

आडवी_वात

एक गोष्ट कुणी विचारली नाही: आरटीए वापरण्याआधी धुतला होतात का? नवीन धातूवर मशीनचं तेल असतं. सगळे भाग सुटे करून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवायचे, आट्यांत मऊ ब्रश फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचं. नाहीतर पहिले दोन टँक धातूसारखे लागतात.

मंद_आच

धुतला नव्हता, आता धुतला. डावी शेपटी खरंच दुमडलेली होती. दोन्ही बाजू सारख्या करून, स्क्रू आवळून लावलं, गळणं थांबलंय, ओम १.१५ वर स्थिर आहे. आता शेवटचं: तार किती वेळा जाळून वापरायची? आणि एसएस घेऊन टेम्परेचर कंट्रोलवर गेलो तर गोड लिक्विडचा प्रश्न सुटेल का?

कापूसवेचा

कापूस बदलताना दर वेळी तार साफ करा. कापूस चिमट्यानं ओढून काढा, टँक बाजूला ठेवा, १०-१२ वॅटवर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. काळा थर धुरासारखा उडतो, तो धूर नाकातोंडात जाऊ देऊ नका, खिडकीजवळ करा. लाली मंद आणि सगळीकडे सारखी दिसली की थांबा. कॉइल गार झाल्यावर पाण्याखाली धरा, बारीक ब्रशनं राख काढा. गरम कॉइल पाण्यात बुचकळू नका, तार वाकडी होते आणि ठिसूळ पडते. मग कोरडी करून एक झटका द्या, ओम वाचा, नवीन कापूस. साध्या २८ गेजची तार अशी कित्येक आठवडे चालते. ओम मूळ आकड्यापासून सरकायला लागला, किंवा जाळूनही एखादा वेढा काळाच राहिला, की नवीन गुंडाळा.

एसएस ३१६ एल टेम्परेचर कंट्रोलवर चालते, पण गोडाचा प्रश्न त्यानं सुटत नाही, सुक्रालोज २०० अंशांवरही साचतंच. त्याचा खरा उपयोग कोरड्या झुरक्यापासून वाचवण्याचा. कापूस सुकायला लागला की तार तापते, तिचा ओम वाढतो, मॉडला ते कळतं आणि तो वॅट कमी करतो. करपलेल्या कापसातून आणि जादा तापलेल्या पीजी-व्हीजीतून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे पदार्थ निघतात, त्यामुळे हा बचाव मोलाचा आहे. लावायचीच असेल तर २८ गेज, २.५ मिमी, ७ वेढे घ्या, ओम ०.६५-०.७ च्या आसपास येईल. वेढे एकमेकांना न टेकणारे ठेवा, नाहीतर मॉडला ओम नीट वाचता येत नाही. टीसीआर (तापल्यावर तारेचा ओम किती वाढतो तो आकडा, मॉडमध्ये भरायचा) ०.०००९२, तापमान २०० ते २२० अंश, आणि मूळ ओम कॉइल पूर्ण गार असतानाच लॉक करा. एसएस जाळून साफ करताना कॅन्थलपेक्षा हळू, जेमतेम लाल. निकेल २०० आणि टायटॅनियम मात्र कोरडे लाल करायचेच नसतात, त्या तारा जाळून साफ होत नाहीत.

गोड लिक्विडवर खरा फरक हवा असेल तर ७ वेढे, ११ वॅट, आणि चव बोथट झाली की त्याच दिवशी कापूस बदला. करपट लागेपर्यंत वाट पाहिलीत तर थर इतका जाड होतो की जाळायला दुप्पट वेळ लागतो आणि तारेचं आयुष्य कमी होतं.